वाइन मध्येच अडली, तर

तांबड्या वाइनचं आंबवण मध्येच थांबलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. यीस्टची आणखी एक पुडी फोडतात आणि वरून भुरभुरतात. दोन दिवस वाट बघतात, काही हलत नाही, मग तिसरी पुडी. हा मार्ग सोडून द्या. ज्या रसात नऊ-दहा टक्के अल्कोहोल साठलं आहे, पोषण संपलं आहे आणि जिथं आधीचं कोट्यवधी यीस्ट थकून तळाशी बसलं आहे, तिथं कोरडं यीस्ट तसंच टाकलं तर त्याचा टिकाव लागत नाही. थंडीत विरजण लागलं नाही, तर आपण पातेल्यात आणखी दही ओतत नाही, पातेलं उबेला सरकवतो. इथंही आधी कारण शोधायचं, ते दूर करायचं आणि मगच नवं यीस्ट. तेही सवय लावून, हळूहळू.

पुढं जाण्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे आपल्या राज्यात परवान्याशिवाय वाइन तयार करणं हा गुन्हा आहे. ‘घरापुरती, थोडीशी’ अशी सूट त्यात नाही. आमच्या भोर तालुक्यात, कामथडीत किंवा नसरापुरात, कुणी माळ्यावर कॅन ठेवून हा उद्योग करावा, असं मला मुळीच सुचवायचं नाही. हा लेख तिघांसाठी आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून रीतसर परवाना घेऊन फळांच्या वाइनचं छोटं युनिट काढू पाहणारे, वायनरीत नव्यानं कामाला लागलेली आपल्याकडची मुलं, आणि जिथं घरी वाइन करायला कायद्याची मुभा आहे अशा देशांत राहणारे आपले नातेवाईक. अमेरिकेत, उदाहरणार्थ, दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत वाइन स्वतःपुरती करता येते, विकता मात्र येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकडे द्राक्षं उतरतात आणि मग ‘बुडबुडे थांबले, आता काय करू?’ हा प्रश्न व्हॉट्सअॅपवरून इकडे येतो.

भोर-वेल्हे हा काही द्राक्षाचा मुलूख नाही. वेल्ह्याचा, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचा पाऊस भाताचा आहे, द्राक्षवेलीला तो मानवत नाही. पण उन्हाळ्यात डोंगरात करवंदं असतात आणि मिरगाच्या सुमाराला जांभळं. या दोन्ही फळांचं आंबवण द्राक्षापेक्षा लवकर अडतं. म्हणून हा विषय इथल्या माणसानं नीट समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता पहिला प्रश्न: वाइन खरंच अडली आहे का?

कॅनच्या झाकणावर बसवलेल्या एअरलॉकमधले बुडबुडे हा पुरावा नव्हे. झाकण सैल असेल तर वायू बाजूनं निघून जातो आणि बुडबुडा दिसत नाही. उलट साखर संपल्यावरही बुडबुडे येऊ शकतात, कारण वाइन गरम झाली की तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. खरं काय ते रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सांगतो. चांगल्या पिकलेल्या द्राक्षांचा रस सुरुवातीला १.०९० ते १.१०० दाखवतो. पूर्ण आंबलेली, कोरडी वाइन ०.९९२ ते ०.९९६ च्या दरम्यान येते. आकडा १.००० च्या वर आहे आणि सलग तीन दिवस, एकाच तापमानाला मोजून, हललेला नाही, तरच ‘अडली’ म्हणायचं. रोज एक-दोन पॉइंट (म्हणजे दशांशातला तिसरा आकडा) उतरत असेल, तर ती अडलेली नाही, मंदावलेली आहे. मंदावलेल्या वाइनला बहुतेक वेळा फक्त ऊब लागते.

मोजताना नमुना जोरात हलवून त्यातला वायू काढून टाका. नाहीतर बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेले असतात. आपल्याकडे चैत्रात ३० अंशांच्या रसात मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा दोन-अडीच पॉइंट कमी दिसतो. तेवढे मिळवून घ्या.

द्राक्ष बागायतदारांना इथं एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. तुमच्याकडे ब्रिक्स मीटर, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर असतो. मण्याची गोडी बघायला तो उत्तम. पण आंबवण सुरू झाल्यावर त्याच्यावर विसंबू नका. अल्कोहोलमुळे प्रकाश वेगळा वळतो आणि मीटर साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. २३ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबून साखर संपली, तरी हा मीटर सात-आठ ब्रिक्स दाखवत राहतो. त्यावर भरवसा ठेवून माणसं पूर्ण झालेल्या वाइनला ‘अडली’ म्हणतात आणि तिच्यावर इलाज करत बसतात.

समजा सुरुवात १.०९५ ला झाली आणि आकडा १.०२० वर थांबला. दोन्हींतला फरक १३१ नं गुणला की अल्कोहोल निघतं: सुमारे ९.८ टक्के. म्हणजे लिटरला अजून ५५-६० ग्रॅम साखर शिल्लक आहे. हे तीन आकडे, सुरुवातीचा, थांबल्याचा आणि अल्कोहोलचा, वहीत लिहून ठेवा. सोबत तापमान. पुढचा सगळा निर्णय यांच्यावर आहे.

ही उरलेली साखर बरीचशी फ्रुक्टोज असते. यीस्ट आधी ग्लुकोज खातं, फ्रुक्टोज मागं ठेवतं. फ्रुक्टोज जिभेला जास्त गोड लागतं, म्हणून अडलेली वाइन आकड्याच्या मानानं फारच गोड वाटते. थकलेल्या यीस्टला हा शेवटचा टप्पा मुळातच अवघड असतो.

कारणांमध्ये आपल्याकडे पहिला मान तापमानाचा, आणि त्यातही उष्णतेचा. परदेशी पुस्तकं वाचून वाइन करणाऱ्यांना हे लक्षात येत नाही. युरोपात द्राक्षं शरदात उतरतात, नंतर हवा गार होत जाते, म्हणून तिकडची पुस्तकं थंडीपासून जपायला सांगतात. महाराष्ट्रात वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये निघतात आणि हवा दिवसेंदिवस तापत जाते. जानेवारीत लावलेला कॅन रात्री थंडीनं आखडतो, मार्चअखेरीला लावलेला दुपारी शिजतो. नारायणगावला श्याम चौगुल्यांनी १९८० च्या दशकात इंदाजची वायनरी उभी केली, पुढं नाशिकला सुला आली, २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि वायनऱ्या वाढल्या. अशा वायनऱ्यांच्या स्टीलच्या टाक्यांना बाहेरून गार पाणी खेळवायची सोय असते. ती चैनीची गोष्ट नाही. आपल्या हवेत तांबडी वाइन धडपणे आंबवायची तर ती लागतेच.

तांबड्या वाइनसाठी २२ ते २८ अंश हा सुखाचा पट्टा. ३५ च्या पुढं यीस्टच्या पेशींची कातडी ढिली पडते आणि अल्कोहोल त्यांना जास्त बाधतं, चाळिशीला तर यीस्ट मरतंच. त्यात आंबवण स्वतः उष्णता तयार करतं. सालींचा जो जाड थर वर येऊन बसतो, तो खालच्या रसापेक्षा कितीतरी गरम असतो. थर्मामीटर खाली रसात बुडवून ‘तीसच आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका, थरात खुपसून बघा. दिवसातून दोन-तीन वेळा तो थर लाकडी दांड्यानं खाली दाबायचा असतो. त्यानं रंग उतरतो, आणि उष्णताही पसरून जाते.

पत्र्याच्या शेडमध्ये कॅन ठेवू नका. मातीच्या भिंतींचं जुनं घर किंवा तळघर असेल तर उत्तम. कॅनभोवती ओलं गोणपाट गुंडाळून खाली पाण्याची परात ठेवली आणि वारा लागू दिला, तर काही अंश सहज उतरतात. बर्फ झालेल्या बाटल्या बाहेरच्या टबात ठेवता येतात. बर्फ वाइनमध्ये टाकायचा नाही. थंडीत नेमकं उलट: कॅन फरशीवरून उचलून फळीवर ठेवा, गोधडी गुंडाळा. तापवायचं असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसवा. गॅसवर पातेलं चढवून ‘जरा कोमट’ करायच्या नादात तळाचं यीस्ट आणि वाइनची चव दोन्ही जातात.

थंडीनं अडलेली वाइन २४-२५ अंशांवर आणून तळाचा साका अलगद ढवळला की पुष्कळदा आपणहून चालू होते. उष्णतेनं अडलेली मात्र आपणहून परतत नाही. तिला नवं यीस्टच द्यावं लागतं.

दुसरं मोठं कारण उपासमारीचं. यीस्टला साखर लागते तसं नायट्रोजनही लागतं, आणि ते रसातूनच येतं. पिकलेल्या द्राक्षात बऱ्यापैकी असतं. जांभळाच्या किंवा करवंदाच्या गरात आपण पाणी आणि साखर मिसळतो, तेव्हा साखर वाढते पण बाकी सगळं अन्न पातळ होतं. म्हणून ही फळं अर्ध्यावर अडतात. अडण्याच्या आधी पुष्कळदा सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो उपाशी यीस्टचा इशारा असतो.

यावर डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे डीएपी देतात. इथं शेतकरी वाचकांना हात जोडून सांगतो, कृषी सेवा केंद्रातलं १८:४६ चं पोतं यासाठी उघडू नका. ते खत आहे. त्याची शुद्धता पिकाला पुरेशी असते, माणसाच्या पोटासाठी ती पाहिलेली नसते. खाद्य दर्जाचं, वाइनसाठी म्हणून विकलं जाणारंच घ्या. मात्रा लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास, आणि वेळ महत्त्वाची: पहिली एक तृतीयांश साखर संपेपर्यंत. अल्कोहोल नऊ-दहा टक्क्यांच्या पुढं गेल्यावर यीस्टला हा नायट्रोजन आत घेता येत नाही. तेव्हा घातलेलं डीएपी तसंच पडून राहतं आणि नको त्या जिवाणूंचं अन्न होतं. अडलेल्या वाइनमध्ये थेट डीएपी घालणं हे म्हणूनच चुकीचं. प्राणवायूचंही तसंच आहे. पहिल्या दोन दिवसांत रस घुसळून हवा द्या, यीस्टला आपली कातडी मजबूत करायला ती लागते. नंतर दिलेली हवा वाइन खराब करते.

साखर जास्त झाल्यानंही वाइन अडते, आणि याचं ठळक उदाहरण नाताळच्या घरगुती वाइनचं. वसईत आणि गोव्यात काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट घालून एकवीस दिवस बरणी ठेवायची रीत आहे. किलोभर द्राक्षांना किलोभर साखर आणि दीड लिटर पाणी धरलं तर लिटरला सुमारे ४०० ग्रॅम साखर होते. ती सगळी आंबली तर अल्कोहोल तेवीस टक्क्यांच्या वर जाईल, आणि तिथवर पोचणारं वाइनचं यीस्ट नाही. पावाचं यीस्ट तर त्याच्या खूप आधी दमतं. म्हणजे ही वाइन चुकून अडत नाही, ती गोड राहावी अशीच तिची कृती आहे. गोड वाइनच हवी असेल तर तिला आजारी समजून औषध देऊ नका. कोरडी हवी असेल तर पुढच्या वेळी साखर मोजून घाला: दर १७ ग्रॅमला, लिटरमागं, एक टक्का अल्कोहोल. शरद, जम्बो अशी खायची काळी द्राक्षं १७-१८ ब्रिक्सची असतात, त्यांना २२-२३ पर्यंत नेण्याइतकीच साखर लागते.

खायच्या द्राक्षांबद्दल आणखी एक. बाजारातल्या घडांवर बुरशीनाशकांच्या आणि गंधकाच्या फवारण्या झालेल्या असतात. शेवटची फवारणी आणि काढणी यांत पुरेसे दिवस गेलेले नसतील तर तो अंश यीस्टलाही मारतो. बागायतदाराला विचारून माल घ्या. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथली ‘मांजरी मेडिका’ ही गरातूनही लाल असलेली रसाची जात छोट्या प्रक्रिया उद्योगांनी बघावी अशी आहे. केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, चमच्यानं अंदाजे घातलं असेल तर तेही कारण असू शकतं. ते नेहमी काट्यावर तोलूनच घालावं.

करवंदाची गोष्ट आंबटपणाची. पीएच ३ च्या खाली असेल तर यीस्ट कुरकुरतं. पाणी वाढवा किंवा खाद्य दर्जाचं पोटॅशियम बायकार्बोनेट थोडं थोडं घालून मोजत जा. खायचा सोडा घालू नका, वाइनला खारट चव येते.

आता पुन्हा चालू करण्याची कृती. त्याआधी नाक लावा. व्हिनेगरचा किंवा नखाच्या पॉलिशसारखा वास येत असेल तर इथंच थांबा. ॲसेटिक आम्ल वाढलेल्या वाइनमध्ये नवं यीस्टही अडतं, आणि तडीला गेली तरी ती वाइन पिण्यासारखी होत नाही. अशा वाइनचं व्हिनेगर करा, त्याबद्दल शेवटी सांगतो. वास स्वच्छ असेल तर पुढं चला. खालचं माप २० लिटर वाइनचं आहे.

वाइन सालींवरून आणि जाड साक्यावरून काढून दुसऱ्या स्वच्छ कॅनमध्ये घ्या. काच, स्टील किंवा खाद्य दर्जाचं प्लास्टिक चालेल. तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम नको. तापमान २२ ते २५ वर आणा. मिळत असतील तर यीस्टच्या पोकळ पेशींची पूड, जी ‘यीस्ट हल्स’ नावानं मिळते, ती पाच ग्रॅम घालून एक दिवस ठेवा. थकलेलं यीस्ट काही मेदाम्लं सोडतं आणि तीच नव्या यीस्टला विषासारखी बाधतात. बोर्दोच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की ही पूड ती आम्लं शोषून घेते. स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय आहे, टाळू नका.

मग यीस्ट निवडा. अल्कोहोल सोसणारंच हवं. लालव्हिनचं ईसी-१११८ अठरा टक्क्यांपर्यंत तग धरतं म्हणून या कामाला सगळीकडे वापरतात. पावाचं यीस्ट इथं उपयोगाचं नाही. १० ग्रॅम यीस्ट घ्या. उकळून ३८ अंशांपर्यंत निवलेलं १०० मिलि पाणी घेऊन त्यावर ते भुरभुरा, पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. अर्ध्या तासाच्या पुढं नुसत्या पाण्यात ठेवू नका, उपाशी पडतं.

दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर अडलेली वाइन, अर्धा लिटर कोमट पाणी आणि ५० ग्रॅम साखर एकत्र करा. यात अल्कोहोल निम्म्यावर येतं आणि नव्या यीस्टला श्वास घ्यायला जागा मिळते. भिजलेलं यीस्ट यात मिसळा. दोघांच्या तापमानात पाच-सहा अंशांपेक्षा जास्त फरक नको, असला तर हे मिश्रण यीस्टमध्ये थोडं थोडं मिसळत दोन्ही जवळ आणा. काही तासांत फेस येईल. आता हायड्रोमीटर हातात धरूनच काम करा: यातली साधारण निम्मी साखर संपली की एक लिटर अडलेली वाइन घाला. पुन्हा निम्मी संपू द्या, मग दोन लिटर. मग चार. प्रत्येक वेळी आधीचं मिश्रण जोरात चालू असतानाच पुढची भर घालायची, ते थंडावल्यावर नाही. असं आठ लिटर झालं की ते सगळं उरलेल्या वाइनमध्ये ओता.

या पायऱ्यांना दोन-चार दिवस लागतात, आणि हीच जागा अशी आहे जिथं माणसं घाई करतात. सकाळी यीस्ट भिजवून संध्याकाळी सगळं एकत्र करण्यात अर्थ नाही. प्रत्येक पायरीला यीस्ट थोडं जास्त अल्कोहोल सोसायला शिकतं, त्याच शिकण्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

यानंतर कॅन भरलेला ठेवा, वर मोकळी जागा कमीत कमी, एअरलॉक लावून, तापमान २२ ते २५. खोली हवेशीर असू द्या. कार्बन डायऑक्साइड जड असतो, बंद तळघरात तो जमिनीलगत साठतो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. रोज एकदा मोजा. आकडा आठवड्याला दहा पॉइंट उतरला तरी समाधान माना, अडलेली वाइन दुसऱ्यांदा धावत नाही, चालते. ०.९९६ च्या खाली येऊन आठवडाभर स्थिर राहिली की साक्यावरून काढून, केएमएस तोलून घालून मुरायला ठेवा.

अडलेल्या अवस्थेत बाटल्या भरू नका. डिसेंबरात गप्प बसलेलं यीस्ट होळीच्या उन्हात जागं होतं, आणि बुचबंद काचेच्या बाटलीत जागं झालं तर बाटली फुटते. काचा डोळ्यापर्यंत येतात. गोड ठेवायची असेल तर ती स्थिर करून मगच भरावी लागते, आणि ती खात्री होईपर्यंत एअरलॉकच योग्य.

एकदा नीट प्रयत्न करूनही आकडा हलला नाही, किंवा वाइन १.००२-१.००४ वर थांबली आहे आणि अल्कोहोल तेरा टक्के झालं आहे, तर आणखी छळू नका. दुसऱ्या प्रकारात किंचित गोडसर वाइन म्हणून ती चांगली लागते. पहिल्या प्रकारात, आणि आंबूस वास आला असेल तेव्हा, व्हिनेगर करा. वाइनमध्ये उकळून गार केलेलं पाणी घालून अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आसपास आणा, न तापवलेलं, गाळ असलेलं चालू व्हिनेगर पाचव्या हिश्शाइतकं मिसळा, रुंद तोंडाच्या बरणीत भरून तोंडावर मलमलचं फडकं बांधा. या जिवाणूंना हवा लागते आणि आपला उन्हाळा त्यांना फार मानवतो. विकायचं असेल तर आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक आम्ल असणं बंधनकारक आहे, तेव्हा तपासून घ्या. जांभळाच्या व्हिनेगरला तर स्वतःचा ग्राहक आहे. फक्त ही बरणी आणि वाइनचा कॅन एका खोलीत ठेवू नका. चिलटं एकीकडचे जिवाणू पायाला लावून दुसरीकडे नेतात.